सशांची जोडी घेण्याआधी वही मागा

शेळी विकत घ्यायला बाजारात गेलेला आपला माणूस सहसा फसत नाही. तो दात पाहतो, कास चाचपतो, आईला जुळी होत होती का, असे विचारतो. उस्मानाबादी सांगून भलतीच शेळी गळ्यात मारू पाहणाऱ्याला तो दोन वाक्यांत गप्प करतो. हाच माणूस ससे घ्यायला गेला की मात्र पांढरीशुभ्र कातडी, लाल डोळे आणि छापील पत्रक पाहून पैसे मोजून मोकळा होतो. आई कोणती, बाप कोणता, एका वेताची किती पिल्ले जगली, यांपैकी एकही प्रश्न तो विचारत नाही. ससेपालनात बुडालेल्या पैशाचे मूळ, माझ्या मते, या न विचारलेल्या प्रश्नांत आहे.

माझ्या एका चुलतभावाचे वेल्डिंगचे लहानसे दुकान आहे. काही वर्षांपूर्वी त्याने सात माद्या आणि तीन नर असे एक ‘युनिट’ घेतले. पिंजरे स्वतःच्या हाताने बनवले आणि ते उत्तम होते. होणारी सगळी पिल्ले आम्हीच परत घेऊ, असा लेखी करार विकणाऱ्याने करून दिला होता. पहिली दोन वेते बरी गेली. पुढे त्याच घरची पिल्ले ठेवून पैदास वाढवली, तेव्हा वेताला तीन-चारच पिल्ले होऊ लागली. काहींचे पुढचे दात वाढून ओठाबाहेर आले, त्यांना चारा तोडता येईना आणि ती उपाशी मेली. चौकशी केल्यावर कळले की मूळची दहाही जनावरे जवळजवळ एकाच घरातली भावंडे होती. तोवर विकणाऱ्याचा फोन बंद झाला होता. भाऊ म्हणतो, ‘ससा आपल्या नशिबात नाही.’ मला हे म्हणणे मान्य नाही. यात नशिबाचा संबंध नाही. दोष निवडीचा आणि खुराकाचा होता, आणि या दोन्ही गोष्टी माणसाच्या हातात असतात.

जोड्या विकण्याचा हिशेब

आधी व्यापाराचे पाहू. सात माद्या, दर मादीमागे वर्षाला वीस पिल्ले जगली असे धरा. झाली १४० पिल्ले. ही सगळी ‘पैदाशीची’ म्हणून चढ्या भावाने विकायची तर दहा-दहाची १४ नवी युनिटे खपली पाहिजेत. पुढल्या वर्षी त्या १४ जणांना १९६ नवी गिऱ्हाइके लागतील आणि तिसऱ्या वर्षी २,७४४. एका तालुक्यात इतकी गिऱ्हाइके आणायची कोठून? असा व्यवहार शेवटच्या माणसाचे पैसे पहिल्याच्या खिशात घालतो आणि एके दिवशी थांबतो. तामिळनाडूत २०१२मध्ये इमूच्या बाबतीत हेच झाले. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर भागात २०१९मध्ये कडकनाथ कोंबडीच्या बाबतीत हेच झाले. कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआची अस्सल जात आहे, तिच्यात खोट नव्हती. खोट व्यवहारात होती.

म्हणून ससेपालनाचा खरा हिशेब मांसाच्या दुकानापासून उलटा मांडत यावे लागतो. दोन किलोचा ससा कापल्यावर साधारण एक किलो किंवा थोडे जास्त मांस मिळते. ते आपल्या गावात कोण घेणार, आठवड्याला किती नग घेणार, हे आधी ठरले पाहिजे. खाटकाशी, हॉटेलवाल्याशी बोलणी आधी, पिंजरे नंतर. आपल्या समाजापुरते बोलायचे तर हनफी आणि शाफई दोन्ही फिकहांत ससा हलाल आहे, म्हणजे देशावर आणि कोकणात अडचण नाही. मात्र बोहरा, खोजा आदी शिया बांधव तो खात नाहीत. त्या वस्तीत दुकान असेल तर गणित बदलते. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. शेतात पळणारा रानससा हा वेगळा प्राणी आहे. त्याची पाळीव सशाशी पैदास होत नाही आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार हा गुन्हा आहे. दुकानातला माल पाळीवच आहे हे दाखवायलाही नोंदवही कामी येते.

गिऱ्हाईक पक्के झाले की मग प्रश्न उरतो तो एकच: एक किलो वजन वाढवायला आपल्याला किती किलो खाद्य लागते आणि एका मादीची वर्षाला किती पिल्ले विक्रीला येतात? या धंद्यात सर्वांत मोठा खर्च खाद्याचा असतो. पाच आठवड्यांचे ७०० ग्रॅमचे पिल्लू दोन किलोपर्यंत न्यायचे म्हणजे १,३०० ग्रॅम वजन वाढवायचे. किलोमागे साडेतीन किलो खाद्य लागले तर सुमारे साडेचार किलोत काम होते. साडेचार किलो लागले तर जवळजवळ सहा किलो जातात. एका सशामागे १,३०० ग्रॅमचा फरक म्हणजे दोनशे सशांमागे २६० किलो खाद्य. नफा आणि तोटा यांच्यातली भिंत एवढीच आहे. ही भिंत दोन गोष्टींनी बनते, रक्ताने आणि खुराकाने.

रक्त म्हणजे काय पाहायचे?

आपल्याकडे मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट आणि ग्रे जायंट या जाती पाळल्या जातात. राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे तामिळनाडूत कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूर येथे केंद्र आहे, तेथे या कामाचा अनुभव आहे. पण जातीचे नाव म्हणजे हमी नव्हे. एकाच जातीत एक मादी वेताला आठ पिल्ले देऊन सात जगवते आणि दुसरी पाच देऊन दोन जगवते. विकणारा दोघींची पिल्ले एकाच भावाने देतो.

येथे शास्त्राने सांगितलेली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पिल्लांच्या वाढीचा वेग बराचसा रक्तातून उतरतो. माद्यामाद्यांत जो फरक दिसतो त्यात रक्ताचा वाटा वाढीच्या बाबतीत साधारण पाव ते एक तृतीयांश असतो. वेतातील पिल्लांच्या संख्येच्या बाबतीत मात्र तो एक दशांशाच्या आसपासच राहतो. बाकीचा फरक हवामान, खुराक, देखभाल यांचा. याचा धंद्यातला अर्थ सरळ आहे. नर निवडायचा तर तराजू पुरतो. एकाच दिवशी दूध तोडलेल्या, एकाच खाद्यावर वाढलेल्या नरांतून सर्वांत वजनदार ठेवावा. मादी निवडायची तर तराजू पुरत नाही. तिच्या आईची, मावश्यांची, बहिणींची चार-पाच वेते कशी गेली हे पाहावे लागते, आणि ते वहीशिवाय कळत नाही. एकदाच दहा पिल्ले दिली म्हणून मादीची लेक ठेवणारा योगायोगावर पैसा लावतो.

दुसरी गोष्ट संकराची. दोन वेगळ्या घराण्यांच्या किंवा जातींच्या मिलनातून झालेल्या मादीला बहुधा पिल्ले जास्त होतात आणि जगतातही जास्त. म्हणून युरोपात आई होण्यासाठी एक प्रकारची घराणी आणि बाप होण्यासाठी दुसऱ्या प्रकारची घराणी अशी वाटणी करतात. आईकडून पिल्लांची संख्या आणि दूध, बापाकडून वाढीचा वेग. आपल्यालाही हे लहान प्रमाणावर करता येते. न्यूझीलंड व्हाइटच्या चांगल्या माद्या आणि मोठ्या अंगाच्या जातीचा नर. मात्र या मिलनातली पिल्ले विकायची. त्यांचीच पुढे आपापसांत पैदास करत बसलो तर दोन-तीन पिढ्यांत मिळालेला फायदा विरघळतो.

तिसरी गोष्ट नात्यातल्या मिलनाची. सख्ख्या भावा-बहिणीचे मिलन केले की दोघांत दडलेला दोष पिल्लांत उघडा पडण्याची शक्यता फार वाढते. दात वाढण्याचा जो दोष माझ्या भावाला भोवला, तो याच प्रकारचा. आई-बाप दोघेही दिसायला ठणठणीत असतात, पण दोघांकडून तोच दोष आला की पिल्लू खाऊ शकत नाही. असे एक जरी पिल्लू निघाले तरी त्याचे आई-बाप पैदाशीतून काढावेत, मग ते कितीही देखणे असोत.

उष्ण देशांनी काय केले?

‘ससा थंडीचा प्राणी, आमच्या मराठवाड्यात तो कसा टिकेल?’ हा प्रश्न रास्त आहे. सशाला घाम येत नाही, तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा तिशीच्या वर राहू लागला की नराची प्रजननशक्ती घटते आणि नवे वीर्य तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागत असल्याने मे महिन्याचा फटका जुलैपर्यंत जाणवतो. मग वाळवंटी देशांनी काय केले ते पाहावे.

स्पेनमधील व्हॅलेन्सिया पॉलिटेक्निक विद्यापीठाने अनेक पिढ्या नोंदी ठेवून ‘व्ही’ नावाचे एक घराणे तयार केले. निवडीची कसोटी एकच होती, दूध तोडताना मादीजवळ किती पिल्ले जिवंत आहेत. किती जन्मली हे विचारलेच नाही, कारण बाजारात जिवंत पिल्लूच विकले जाते. हे घराणे इजिप्त आणि सौदी अरेबियाने नेले. पण तेथील संशोधकांनी ते जसेच्या तसे गावोगाव वाटले नाही. इजिप्तमध्ये सिनाईच्या बदूंकडील काटक ‘गबाली’ सशाशी त्याचा संकर केला आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून मोश्तोहोर येथे त्याच नावाचे नवे घराणे बनवले. सौदीत कसीम भागात तेथील स्थानिक गबालीशी संकर करून ‘सौदी-२’ आणि ‘सौदी-३’ ही घराणी तयार झाली. अल्जीरियानेही फ्रान्समधून आणलेल्या घराण्याचा आपल्या गावठी सशाशी असाच मेळ घातला. बाहेरून उत्पन्न घ्यायचे, घरातून काटकपणा घ्यायचा आणि मग चिकाटीने निवडत राहायचे, असा हा मार्ग आहे.

हा मार्ग आपल्याला परका नाही. साताऱ्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढीतील जुळी देणारे जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणले आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार केली. एका कोकराच्या जागी दोन होऊ लागली. पण दोन कोकरे पोटात वाढवणाऱ्या आणि पाजणाऱ्या मेंढीला एकाच्या खुराकावर ठेवून चालत नाही. नुसते रक्त बदलून धंदा सुधारत नाही, त्याच्या जोडीला परातही मोठी करावी लागते.

खुराकाचे गणित

सशाच्या बाबतीत हे दुपटीने खरे आहे. मादी ३१ दिवसांच्या आसपास विते आणि तिचे दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी घट्ट असते. त्यात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट आणि प्रथिने तिपटीहूनही जास्त असतात. दिवसातून एकदाच, काही मिनिटेच ती पिल्लांना पाजते आणि ५०-६० ग्रॅमची पिल्ले त्यावर महिन्याभरात दहापट होतात. हे दूध कोठून येणार? पाजत्या मादीला रिकाम्या मादीच्या दुपटीहून जास्त खाद्य लागते आणि दिवसाला एक लिटरहून जास्त पाणी लागते. बाजार समितीबाहेर पडलेला कोबीचा पाला आणून टाकला की झाले, अशी समजूत आपल्याकडे फार आहे. त्या पाल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. आठ पिल्लांची उत्तम मादी अशा पाल्यावर ठेवली तर ती पिल्ले टाकते, हाडाडते आणि पुढल्या वेळी गाभण राहत नाही. मग आपण म्हणतो, जात खराब होती.

उलट बाजूची चूकही होते. लवकर वजन वाढावे म्हणून काहीजण मका आणि गहू भरडून मोकळ्या हाताने घालतात. ससा शेळीसारखा रवंथ करत नाही. त्याचा चारा आतड्याच्या मागच्या भागातील मोठ्या पिशवीत कुजतो आणि त्यातून बनलेल्या मऊ गोळ्या तो पुन्हा खातो. नव्याने पाळणाऱ्याला हे किळसवाणे वाटते, पण जीवनसत्त्वे आणि प्रथिने त्याला त्यातूनच मिळतात. ही यंत्रणा तंतुमय चाऱ्यावर चालते. धान्य जास्त आणि तंतू कमी झाले की दूध तोडल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत पोटफुगी आणि हगवण लागून पिल्ले पटापट मरतात. वाढत्या पिल्लांच्या खाद्यात प्रथिने १६ टक्के आणि तंतू निदान १४ टक्के असावेत, पाजत्या मादीला प्रथिने १८ टक्के लागतात. तयार गोळी खाद्य घेताना पोत्यावरचे हे दोन आकडे वाचावेत. भाव त्यानंतर विचारावा.

घरच्या चाऱ्यावर खर्च बराच खाली येतो. लसूणघास उत्तम. ज्यांच्याकडे रेशमाची तुती आहे त्यांना उरलेला पाला सोन्यासारखा आहे. शेवरी आणि शेवग्याचा पाला चालतो. सुबाभूळ मात्र हात राखून द्यावी, जास्त झाली तर केस गळतात. पाला ओला, तापलेला देऊ नये, थोडा सुकवून द्यावा.

पेंडीबाबत तर कानाला खडा लावावा. शेंगदाणा पेंड आपल्याकडे सहज मिळते, पण तिच्यावर येणाऱ्या बुरशीच्या विषाला ससा इतर जनावरांपेक्षा फार लवकर बळी पडतो. गाय पचवील तेवढे विष सशाचे यकृत निकामी करते. पावसाळ्यात ओल लागलेला मका आणि कुबट वासाची पेंड स्वस्त मिळते म्हणून कधीही घेऊ नये. सरकी पेंडीतही सशाला न मानवणारे द्रव्य असते. त्यापेक्षा ताजी सोयाबीन पेंड आणि गव्हाचा कोंडा यांची जोड बरी.

आणि उन्हाळा? एप्रिल-मेमध्ये मिलन थांबवावे, छपरावर पाचट टाकून पाणी शिंपडावे, खाद्य पहाटे आणि रात्री द्यावे. वर्षात दोन महिने मादी रिकामी राहिली तर नुकसान मोजता येते. भर उन्हात वेत घेऊन मादीच गमावली तर ते भरून निघत नाही.

एकट्याने होणार नाही

कोणी म्हणेल, ‘हे सगळे मोठ्या संस्थांचे काम. दहा पिंजऱ्यांचा माणूस वंशावळ कशी सांभाळणार?’ आक्षेप अर्धा खरा आहे. दहा माद्यांतून एकट्याने घराणे तयार होत नाही, चार पिढ्यांत सगळे नात्यातले होतात. म्हणून माझी सूचना अशी की एका गावातल्या किंवा मोहल्ल्यातल्या पाच-सहा जणांनी मिळून हा धंदा करावा. प्रत्येकाच्या माद्या त्याच्याकडेच राहतील. नर मात्र दर पिढीला पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे एकाच दिशेने फिरवायचे. एवढ्या साध्या नियमाने सख्ख्यांचे मिलन टळते. खाद्य एकत्र घेतले तर भाव पडतो आणि ताजे मिळते. दुकानदाराला दर आठवड्याला ठरलेला माल द्यायलाही एकट्यापेक्षा सहा जण बरे.

राहिला अर्धा आक्षेप, लिहिण्याचा. आपल्यातला लहानात लहान किराणा दुकानदार उधारीची वही बरोबर ठेवतो. कोणाकडे किती येणे आहे हे त्याला दहा वर्षांनंतरही सांगता येते. सशांची वही त्याहून सोपी आहे. मादीचा क्रमांक, तिच्या आई-बापाचे क्रमांक, मिलनाची तारीख, विण्याची तारीख, जन्मलेली पिल्ले, दूध तोडताना जिवंत पिल्ले, त्यांचे वजन आणि त्या महिन्याचे खाद्य. एवढेच रकाने. दोन वर्षे ही वही ईमानाने भरली की कोणती मादी आपल्याला पोसते आणि कोणत्या मादीला आपण पोसतो, हे आरशासारखे दिसते.

माझ्या भावाचे पिंजरे अजून दुकानामागे रचून ठेवलेले आहेत. त्याने पुन्हा सुरुवात करावी असे मला वाटते, पण यावेळी दहा जनावरांऐवजी तीन-चारच माद्या घ्याव्यात, त्याही दोन वेगळ्या ठिकाणांहून, आणि विकणाऱ्याची वही आधी पाहावी. ज्याच्याकडे वही नाही, त्याच्याकडे ससे कितीही देखणे असले तरी तेथून सलाम करून उठावे. आपली हलाल कमाई कोणाच्या पत्रकाच्या भरवशावर लावायची नसते.